पाहावे असे काही

एखादे चित्र पाहावयास माणसाला किती वेळ लागतो? डोळा उघडला की चित्र दिसते आणि तेवढ्याने पाहणे झाले, असे आपण समजतो. गाणे ऐकावयाचे तर ते संपेपर्यंत बसावे लागते. पुस्तक वाचावयाचे तर पाने उलटावी लागतात. चित्राला मात्र आपण क्षणभराहून अधिक वेळ क्वचितच देतो. चित्रपटाला आपण दोन-अडीच तास देतो हे खरे; परंतु कथा कळली की चित्रपट पाहून झाला अशी आपली समजूत असते. पडद्यावर काय घडले ते आपण मित्राला भरभरून सांगतो. ते कसे दाखविले होते, असे कोणी विचारले तर मात्र गप्प बसतो.

मुलांनो, ह्या पाठात तुम्हांला पाहण्याजोग्या काही कलाकृती सुचवावयाच्या आहेत. अजिंठा आणि वेरूळ ह्यांची नावे तुम्हांला ठाऊकच आहेत; त्यांची शिफारस करण्याची आवश्यकता नाही. मी सांगणार आहे त्या गोष्टी एकाच जिल्ह्यातल्या, किंवा त्या जिल्ह्याशी नाते असलेल्या आहेत. हा जिल्हा म्हणजे अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. साखर कारखान्यांसाठी आणि अवर्षणासाठी त्याचे नाव लोकांच्या तोंडी असते. चित्रांसाठी कोणी ते घेत नाही. पण रतनगडाच्या परिसरात उगम पावून अकोले आणि संगमनेर ह्या गावांवरून वाहत जाणारी आणि नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळणारी प्रवरा नदी आहे ना, तिच्या काठाकाठाने आपण मनाने चालू लागलो, तर वाटेत काय काय भेटते ते पाहा.

उगमाजवळच रतनवाडी हे लहानसे गाव आहे. तेथे अमृतेश्वराचे सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे शिवमंदिर आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी ह्या भागात काजवे पाहण्यासाठी माणसांची एवढी गर्दी उसळते की, बिचाऱ्या काजव्यांनाच अंधार शोधावा लागत असेल! त्या गर्दीतले किती जण मंदिराच्या भिंतीपुढे पाच मिनिटे उभे राहतात, कोण जाणे. शिखराकडे नीट पाहिले तर असे दिसते की, मोठ्या शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक चढविल्या आहेत. जणू एका मंदिराच्या अंगावर अनेक मंदिरे कोरली आहेत. हे शक्य तर सकाळी किंवा सायंकाळी पाहावे. भर दुपारी ऊन डोक्यावर असते आणि कोरीव काम सपाट भासते. तिरप्या उन्हात प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते, आणि शिल्पकाराने दगडात किती खोलवर छिन्नी नेली होती ते कळू लागते. शिल्पाचे अर्धे काम सावलीच करीत असते.

नदी खाली उतरते. संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ साली तेथे उत्खनन झाले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मडकी सापडली. तांबड्या रंगाची, त्यांवर काळ्या रेघांची नक्षी, काहींना लांब तोटी. पुढे अशीच मडकी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिळाली आणि त्या संपूर्ण संस्कृतीला ह्या छोट्या गावाचे नाव मिळाले. ती नक्षी अगदी साधी आहे; आडव्या रेघा, तिरप्या रेघा, चौकटी. तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही काढता तशाच. पण फिरत्या मडक्यावर कुंचला टेकवून एवढी सरळ रेघ काढून पाहा, म्हणजे त्या हाताची सवय तुमच्या ध्यानात येईल.

ह्याच नदीच्या डाव्या तीरावर, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद आहे. येथे आपण जरा बसू या. कारण ह्या सर्व प्रवासात मला सर्वाधिक प्रिय असलेल्या वस्तू येथल्या आहेत.

१९७४ साली एक भिल्ल शेतकरी येथे झुडपाचे मूळ खणीत होता. त्याच्या हत्याराला धातू लागला. माती बाजूला सारताच एकामागून एक चार वस्तू बाहेर आल्या: एक हत्ती, एक गेंडा, एक म्हैस आणि दोन बैलांचा एक रथ. रथात एक माणूस उभा होता. सर्व वस्तू ओतीव आणि भरीव; चारही मिळून साठ किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या. हा धातू म्हणून मोडीत घातला गेला असता, तर हातात चार पैसे आले असते आणि कोणाला काही कळलेही नसते. तसे झाले नाही, हे आपणा सर्वांचे भाग्य. आज त्यांपैकी तीन वस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुष्कळ पुरातत्त्वज्ञांच्या मते त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या आहेत. त्यांच्या धातूत सोमलाचा अंश अधिक आढळतो, म्हणून काही अभ्यासकांनी ह्या काळाविषयी शंका घेतली आहे. तो वाद तज्ज्ञांचा आहे. आपण त्या वस्तू पाहू.

प्रथम ध्यानात येतात ती चाके. म्हैस एका चौरंगासारख्या पाटावर उभी आहे आणि त्या पाटाला चार भरीव चाके आहेत. गेंड्याच्या पायांखाली दोन आडव्या पट्ट्या आहेत आणि त्यांनाही चाके आहेत. हत्तीचा पाट आहे, पण त्याची चाके हरवलेली आहेत. आता तुम्ही म्हणाल, ही तर खेळणी! तशी ती वाटतात खरी. लहान मुले दोरी बांधून लाकडी घोडा ओढतात, तसा हा प्रकार दिसतो. परंतु एवढे जड खेळणे कोणते मूल ओढील? पंचवीस सेंटिमीटर उंचीचा भरीव हत्ती उचलता उचलता मोठ्या माणसाचीही त्रेधा उडेल. मग ह्या वस्तू मिरवणुकीत ओढीत नेत असतील काय? एखाद्या पूजेत त्यांना स्थान असेल काय?

मुख्याध्यापक असताना मी एका वर्षी सातवीच्या मुलांना मुंबईचे वस्तुसंग्रहालय दाखविण्यासाठी नेले होते. मुले धावतच निघाली. तलवारी कोठे आहेत, एवढीच त्यांची चौकशी. एक मुलगी मात्र ह्या जनावरांपाशी थांबली. तिने पुष्कळ वेळ पाहिले आणि मग मला विचारले, “सर, ह्यांना ओढणारा माणूस कोठे उभा राहत असेल? पुढे की मागे?” मला उत्तर देता आले नाही, आणि ते कोणालाच निश्चितपणे देता येईल असे मला वाटत नाही. पण माझ्या मते त्या दिवशी संग्रहालय पाहिले ते त्या एकाच मुलीने. वस्तूपुढे उभे राहून तिला एखादा प्रश्न विचारल्यावाचून ती बोलत नाही. गेंड्याकडे पाहून असाच एक प्रश्न मला नेहमी पडतो. आज गेंडा पाहावयाचा तर आसामात जावे लागते किंवा प्राणिसंग्रहालयात. ज्याने हा घडविला, त्याने गेंडा कोठे पाहिला असेल? त्या कारागिराने प्रत्येक केस वा प्रत्येक सुरकुती दाखविण्याची धडपड केलेली नाही. जनावराचा भार, मान आणि उभे राहण्याची ढब एवढेच नेमके पकडले आहे. चित्रकलेच्या तासाला प्राणी काढताना प्रथम डोळे आणि मिशा काढणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.

प्रवरेच्या काठाने आणखी पुढे गेले की नेवासे लागते. येथे एका दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला, अशी परंपरा आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० हे ज्ञानेश्वरीच्या पूर्ततेचे वर्ष. त्या खांबाला ‘पैस’ म्हणतात. खांबावर ना मूर्ती, ना वेलबुट्टी. पाहण्यासारखे म्हणावे असे त्यात काहीच नाही, आणि तरीही माणसे लांबून येऊन त्याच्याकडे पाहत राहतात. काही वस्तू डोळ्यांपेक्षा आठवणीनेच अधिक पाहावयाच्या असतात.

नेवाशाचे नाव निघाले की मला एका चित्रपटाची आठवण होते. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. मोठ्या ज्ञानेश्वरांची भूमिका केली ती शाहू मोडक ह्यांनी. हे शाहू मोडक मूळचे नगरचे. १९१८ साली एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३२ साली बालवयात ते पडद्यावर श्रीकृष्ण झाले आणि पुढेही अनेक चित्रपटांत लोकांनी त्यांना कृष्णाच्याच रूपात पाहिले. नगरच्या ख्रिस्ती घरातला मुलगा पडद्यावर ज्ञानेश्वर झाला आणि सामान्य प्रेक्षकांनी त्याच्यापुढे हात जोडले. त्यात कोणाला काही विपरीत वाटले नाही, ही गोष्ट मला चित्रपटाइतकीच मोलाची वाटते.

तथापि दामले-फत्तेलाल ह्यांचा एकच चित्रपट पाहावयाचा असेल, तर मी तुम्हांला त्यांचा आधीचा ‘संत तुकाराम’ पाहावयास सांगेन. तो १९३६ सालचा. १९३७ साली व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. ‘ज्ञानेश्वर’मध्ये चमत्कार दिपवून टाकतात, ‘तुकाराम’मध्ये माणसे धरून ठेवतात. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तर उत्तमच आहे. पण तुम्ही आवलीकडे लक्ष ठेवा. गौरी नावाच्या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. नवरा देवाच्या नादात, घरात दाणा नाही, मुले भुकेली. आवली म्हैस सांभाळते, भांडते, कष्टते, आणि एके प्रसंगी हातात पायताण घेऊन थेट पांडुरंगालाच जाब विचारण्यासाठी देवळात जाते. तुकाराम आकाशाकडे पाहतो, ती चुलीकडे पाहते. दोघांपैकी कोणाचे खरे, हे चित्रपट आपणांस सांगत नाही. दोघांनाही तो सारख्याच मायेने दाखवितो. चित्रपट रंगीत नाही म्हणून नाक मुरडू नका. दामले आणि फत्तेलाल कोल्हापुरात बाबूराव पेंटर ह्यांच्या हाताखाली तयार झाले होते, आणि बाबूराव हे नाटकांचे पडदे रंगविणारे नामांकित चित्रकार व शिल्पकार होते. रंग नसताना उजेड आणि सावली ह्यांवर किती काम भागते, ते ह्या मंडळींना पक्के ठाऊक होते. अमृतेश्वराच्या भिंतीवर आपण जे पाहिले, तेच येथे पडद्यावर आहे.

बाबूराव पेंटरांचे नाव आलेच आहे, म्हणून एक दुःखाची गोष्ट सांगतो. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची ती कथा. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम ह्यांनी केली होती. हा मूकपट आज कोणालाही पाहता येत नाही. त्याची फीत उरलेली नाही. १९३६ साली त्यांनी ह्याच कथेवर बोलपट काढला, पण मूळ मूकपट गेला तो गेलाच. आपल्या देशात तयार झालेल्या मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत. दादासाहेब फाळके ह्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ही पुरता उरलेला नाही; काही भागच उरला आहे. त्या काळच्या फिती झटकन पेट घेत, दमट हवेत कुजत. कित्येक तर त्यांतली चांदी काढण्यासाठी वितळविण्यात आल्या. चित्रपटांचे जतन करणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात १९६४ साली निघाले. तोपर्यंत फार उशीर झाला होता. आणि तेवढ्यानेही संकट टळले नाही. २००३ साली पुण्यातच जुन्या फितींच्या साठ्याला आग लागून अनेक फिती भस्मसात झाल्या. दगडाचे देऊळ हजार वर्षे टिकते, चार हजार वर्षांपूर्वीचा हत्ती मातीतून निघतो. आणि तुमच्या पणजोबांनी पाहिलेला चित्रपट मात्र नाहीसा होतो!

शाहू मोडक नगरचे. तेव्हा नदीकाठ सोडून आता आपण नगर शहरात येऊ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशाहने ह्या शहराचा पाया घातला. पाहुणे आले की नगरकर त्यांना शहराबाहेरच्या डोंगरावरचा ‘चांदबिबीचा महाल’ दाखवितात. तीन मजल्यांची ती अष्टकोनी इमारत वस्तुतः महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. ती निजामशाहीतल्या सलाबतखान नावाच्या वजिराची कबर आहे. चांदबिबीच्या घराण्याचे खरेखुरे चित्र पाहावयाचे असेल तर पुण्याला, भारत इतिहास संशोधक मंडळात असलेल्या एका पुस्तकाकडे वळावे लागेल.

हे पुस्तक फार्सीत आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशाह ह्या सुलतानाच्या स्तुतीसाठी ते रचले. विजयनगरविरुद्धच्या १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत जे सुलतान एकत्र आले होते, त्यांपैकी हा एक. त्याच वर्षी तो मरण पावला. पुस्तकात चौदा चित्रे होती. त्यांपैकी बारा आज शिल्लक आहेत. दख्खनच्या चित्रकलेचे हे अगदी आरंभीचे नमुने होत. रंग असे तेजस्वी की साडेचारशे वर्षे उलटली असे वाटू नये. लढाईची चित्रे आहेत, दरबाराची आहेत. चित्रांतल्या स्त्रियांच्या अंगात चोळ्या आहेत, पाठीवर लांब वेण्या आहेत. एका चित्रात सुंदर स्त्रीचा स्पर्श होताच झाडाला बहर येतो. ही कल्पना संस्कृत काव्यातली, पुस्तक फार्सी, सुलतान नगरचा. तिन्हींची गाठ एका पानावर पडली आहे.

पण ह्या पुस्तकातली सर्वांत लक्षवेधक गोष्ट म्हणजे त्यात जे दिसत नाही ते. सिंहासनावर सुलतान बसला आहे. त्याच्या शेजारी कोणीतरी होते. तेथे आता रंगाचा डाग आहे. ती होती राणी खुंजा हुमायून. दरबारी चित्रांत राणीला राजाच्या बरोबरीने बसविण्याची चाल त्या काळी फारशी नव्हती. ह्या चित्रकाराने तिला बसविले होते. पतीच्या मृत्यूनंतर मुलगा मुर्तझा लहान, म्हणून राज्याचा कारभार तिच्या हाती आला. १५६९ साली त्याच मुलाने तिला कैदेत टाकून सत्ता घेतली. त्यानंतर केव्हातरी कोणीतरी ही चित्रे उघडली आणि राणीची आकृती बहुतेक ठिकाणी पुसून टाकली, असा अभ्यासकांचा तर्क आहे. शत्रूचे सैन्य चित्रात राहिले, घोडे राहिले, दासी राहिल्या. राणी तेवढी गेली.

तुम्हांला वाटेल, मग पाहावयाचे काय? तो डागच पाहावयाचा. चित्रकाराने सिंहासनावर दोघांची जागा आखली होती, ती जागा कशी नाहीशी होणार? एवढ्या नाजूक चित्रात तो फराटा इतका उघड दिसतो की, डोळा सुलतानाला सोडून प्रथम तेथेच जातो. ज्याने तिला लपविले, त्यानेच तिच्याकडे बोट दाखविल्यासारखे झाले आहे. ह्या खुंजा हुमायूनची मुलगी म्हणजे चांदबिबी. १५९५-९६ साली अकबराच्या सैन्याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तो लढविणारी ती हीच. आईला चित्रातून पुसून काढता आले. मुलीला लोकांच्या तोंडून पुसता आले नाही. उलट लोकांनी दुसऱ्याच्या कबरीलाही तिचे नाव देऊन टाकले!

पुण्याला जाणे झाले नाही तरी ह्या चित्रांचे छापील नमुने कलेच्या पुस्तकांत पाहावयास मिळतात. आणि हे पुस्तक रंगविले जात होते त्याच सुमारास, १५६७-६८ साली, नगरच्या किल्ल्याजवळ उभी राहिलेली दमडी मशीद तर आजही आहे. लहानशी, पण कोरीव काम असे की दगड होता की मेण, असा भ्रम व्हावा. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी प्रत्येकी एकेक दमडी जमवून ती बांधली, असे सांगतात.

शेवटी, आपल्याच काळातल्या दोन-तीन चित्रपटांविषयी. कला म्हणजे जुने ते सारे, अशी तुमची समजूत होऊ नये.

‘ख्वाडा’ हा २०१५ साली प्रदर्शित झालेला चित्रपट भाऊराव कऱ्हाडे ह्यांनी दिग्दर्शित केला. ते ह्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्याचे. चित्रपट पुरा करण्यासाठी त्यांना स्वतःची जमीन विकावी लागली. मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या एका धनगर कुटुंबाची ही कथा आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि त्यांतला एक ध्वनिमुद्रणासाठी होता. तेव्हा हा चित्रपट कानांनीही पाहा. मेंढरांचा कलकलाट, माळावरचा वारा, दूरची हाक हे सारे प्रत्यक्ष त्या जागीच मुद्रित केलेले आहे. पडद्यावरचे रान आपल्याला मोठे वाटते ते पुष्कळसे ह्या आवाजांमुळे.

नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातले. पण नगरच्या महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा छोटासा चित्रपट तयार केला. शाळेत जाण्याची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. तो तुमच्या एका तासिकेहूनही लहान आहे; वर्गात सर्वांनी मिळून पाहावा आणि मग शिक्षकांशी त्याविषयी बोलावे. त्यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट २०१४ साली चित्रगृहांत आला. तो घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर पाहा, कारण त्यात मनाला लागणारे पुष्कळ आहे आणि पाहून झाल्यावर कोणाशी तरी बोलावेसे वाटेल. चित्रपटातल्या गावाचे नाव अकोळनेर; नगरजवळ ह्या नावाचे गाव खरोखरीच आहे. जब्या नावाचा तुमच्याच वयाचा मुलगा. त्याच्या घरच्यांवर गावातली डुकरे पकडण्याचे काम येते. ते काम त्याला वर्गातल्या मुलांपुढे करावे लागते, आणि मुले हसतात. एका प्रसंगी डुक्कर अगदी हाताशी आलेले असते, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या आणि त्याचे घरचे आहेत तेथे ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जाते. एवढ्याशा प्रसंगात हसू आणि रडू दोन्ही आहेत.

त्याच्यापुढे थोड्या वेळाने येणारे एक दृश्य सावकाश पाहा. पकडलेले डुक्कर काठीला बांधून जब्या आणि त्याचे घरचे ते वाहून नेत आहेत. मागे शाळेची भिंत आहे. भिंतीवर थोर माणसांची चित्रे रंगविली आहेत: डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा. कोणी काही बोलत नाही. कॅमेरा भिंतीवर रोखून दाखवीत नाही की चित्रांना मोठे करीत नाही. ओझे वाहणारी माणसे पुढून चालत जातात आणि चित्रे मागे राहतात. ओझे वाहणाऱ्यांना भिंतीकडे पाहावयास सवड नाही. ज्यांना सवड आहे, ते हसण्यात गुंतलेले आहेत. त्या भिंतीकडे पाहणारे त्या वेळी आपणच एकटे असतो.

तुमच्या शाळेच्या भिंतीवरही अशी चित्रे असतील. ती कोणाची आहेत, हे वर न पाहता तुम्हांला सांगता येईल काय?

स्वाध्याय

१. तिरप्या उन्हात कोरीव काम अधिक चांगले का दिसते? तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वास्तूचे सकाळी आणि दुपारी निरीक्षण करून दोन्ही वेळी काय दिसले ते लिहा.

२. दायमाबादच्या वस्तूंना चाके कशासाठी असावीत? तुमचा तर्क सांगा, आणि त्याच्या विरुद्ध काय म्हणता येईल तेही सांगा.

३. ‘तो डागच पाहावयाचा’ असे लेखक का म्हणतो?

४. तुमच्या आजी-आजोबांना त्यांनी लहानपणी पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातले एक दृश्य विचारा. त्यांना कथा आठवते की दृश्य, हे ऐकून आठ-दहा ओळी लिहा.